आबांचं अध्याहृत

माझे वडील मुके नव्हते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणालाही तशी शंका येईल. बैलांशी ते भरपूर बोलत. औत धरलं की "हां माज्या राजा, वळ आता, दमलास व्हय" असं सारखं चाललेलं असे. मी बांधावर बसून ऐकायची. बैलांचा मला हेवा वाटे. माणसांपुढे आले की मात्र हा माणूस गप्प. आणि घरात आम्ही सगळी माणसंच होतो, त्याला काय करणार?

आमचं घर पौडात, चावडीच्या मागच्या आळीत. घरात थोरले चुलते भिवाजी, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. त्यांच्या पाठचे माझे वडील हैबतराव, म्हणजे आबा. मग माझी आई सारजाबाई, आणि मी, जया. तात्यांची बायको फार लवकर गेली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोघा भावांत मिळून एकुलती एक. बोलायचं काम तात्यांकडे आणि राबायचं आबांकडे, अशी दोघांची वाटणी माझ्या जन्माआधीच झालेली होती. मोठ्या भावापुढे आबांनी कधी आवाज काढला नाही. मोठा काढलाच नाही, लहानही काढला नाही.

आबांचं सगळं खुणेवर चालायचं. कालवण खारट झालं तर ते पाण्याचा तांब्या जवळ ओढून घेत, आईनं काय ते ओळखायचं. परगावी जायचं असलं तर आदल्या दिवशी पायताणं उंबऱ्याबाहेर तोंड करून ठेवत, आईनं भाकरी बांधून द्यायची. मी तापानं पडले की कपाळाला हात लावत नसत, उशाशी नुसते बसून राहत आणि उठताना माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं करत. लहानपणी मला याचं फार अप्रूप होतं. वाटे, माझ्या आबांना बोलावं लागत नाही.

सातवीत गुरुजींनी एक दिवस फळ्यावर शब्द लिहिला, अध्याहृत. वर्गात मुली आम्ही तिघीच होतो, बाकी सगळे मुलगे. कुणालाच तो धड म्हणता येईना. गुरुजी म्हणाले, "जेवलास का, असं विचारलं आणि समोरचा नुसता हो म्हणाला. मी जेवलो, हे तो बोलला नाही. पण ते त्याच्या हो मध्ये आहे. बोललेलं नाही, पण आहे असं धरायचं, ते अध्याहृत." मग काय, आठवडाभर आम्हाला दुसरा शब्द सुचेना. कुणाच्या डब्यात भाकरीबरोबर भाजी अध्याहृत, कुणाच्या अंगात सदऱ्याची बटणं अध्याहृत. एकानं गुरुजींना सांगितलं, "माझा गृहपाठ अध्याहृत हाय." त्याला छडी मात्र प्रत्यक्ष मिळाली.

त्याच दिवशी गुरुजींनी आणखी एक सांगितलं होतं. "ऐकणाऱ्याला एकच गोष्ट कळणार असेल तरच शब्द सोडा. दोन कळण्यासारख्या असतील तर तोंड उघडा. तिथे आळस चालत नाही." हे मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. मला शब्दाचाच आनंद झाला होता. माझ्या वडिलांच्या स्वभावाला पुस्तकात नाव आहे, असं मनात घोळवत मी घरी आले होते.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात मी सातवीची फायनल पास झाले. आमच्या आळीतून फायनल पास झालेली मी पहिलीच मुलगी. निकाल सांगायला गुरुजी स्वतः घरी आले. तात्या नात्यातल्या लग्नाला गेले होते, आई नदीवर धुणं घेऊन गेली होती. ओसरीवर आबा आणि दाराशी मी. गुरुजी म्हणाले, "हैबतराव, हिला पुण्याला ट्रेनिंगला घाला. मुलींसाठी वसतिगृह आहे, सरकार खर्चाला देतं. दोन वर्षांत मास्तरीण होऊन येईल. बरोबर एक कुलपाची ट्रंक तेवढी द्या, मुली खूप असतात, वस्तू इकडच्या तिकडे होतात." आबांनी सगळं ऐकून घेतलं. गुरुजींना पान दिलं, आळीच्या तोंडापर्यंत पोचवून आले, आणि गोठ्यात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाजारातून आले ते डोक्यावर ट्रंक घेऊन. हिरवी, पत्र्याची, पुढं पितळी कडी. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली, कुलूप लावून दाखवलं, काढून दाखवलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. तोंडातून अक्षर नाही. पण मला सगळं कळलं. मी पुण्याला जाणार होते! त्या ट्रंकेत मी माझी वह्यापुस्तकं लावली, दोन लुगडी लावली, परत काढली, परत लावली. इतका आनंद मला पुढं कधी झाल्याचं आठवत नाही.

आईला आबांनी सांगितलं असेल असं मी धरून चालले. आबा धरून चालले की मी सांगितलं असेल. आणि आईनं ट्रंक पाहिली, माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि ती कामाला लागली. तिच्या मनात काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

ट्रंक घेतली होती शब्बीरभाईंच्या दुकानात. पौडात बांगड्या, आरसे, ट्रंका, लग्नाचं म्हणून जे काय लागेल ते त्यांच्याकडे मिळे. ट्रंक खाली काढताना त्यांनी सहज विचारलं होतं, "काय हैबतराव, पोरीचं लगीन काढलं काय?" आबा नुसते मिशीत हसले. शब्बीरभाईंनी मला हे नंतर स्वतः सांगितलं. "बेटी, तुज्या बानं नुसतं न्हाई म्हनलं असतं तर म्या फुडं कशाला बोललो असतो?" त्यांचं काय चुकलं? मे महिन्यात मुलीचा बाप नवी ट्रंक नेतो, ती कशासाठी नेतो असं कुणालाही वाटेल? आमच्या पौडात तोवर एकही मुलगी ट्रंक घेऊन शिकायला गेलेली नव्हती.

तात्या लग्नाहून परतले तर शब्बीरभाईंनी त्यांना दुकानातूनच हाक मारली. "भिवाजीराव, ट्रंक तर ग्येली, आता जावई कुटला?" तात्या चमकले. पण तात्या मोठे समजूतदार. आबांना येऊन विचारलं असतं तर ते तात्या कसले! त्यांनी वाटेतच अर्थ लावला. भावाला पोरीला उजवायचंय, थोरल्यापुढं बोलायचा संकोच वाटतो, म्हणून बिचाऱ्यानं ट्रंक आणून सुचवलंय. या विचारानं त्यांचे डोळे भरून आले, असं तेच पुढं कौतुकानं सांगत. आठवड्याच्या आत त्यांनी उरवड्याचं स्थळ आणलं. गेणबा म्हणून एक खातेदार, त्यांचा मुलगा जयसिंग.

पाहुणे आले तेव्हा मला वाटलं, बैल बघायला आलेत. आईनं हिरवं लुगडं हातात दिलं तेव्हा मी विचारलं, "हे कशाला?"

"बघाया आल्यात तुला."

"मला? अगं, मी ट्रेनिंगला चाललीय."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "कसलं ट्रेनिंग? तुज्या बानं ट्रंक आणली न्हवं?"

मी भराभर सगळं सांगितलं. आई दाराकडे धावली. पण ओसरीवर थोरला दीर बसलेला, ती बाहेर पाऊल टाकणार कशी आणि बोलणार कशी? तिनं दाराआडून बांगड्या वाजवल्या. आबांनी मान वर केली. आईनं नकाराची मान हलवली. आबांनीही हलवली. दोघं नवराबायको एकमेकांकडे बघून मान हलवत होती, आणि मी मध्ये हिरवं लुगडं नेसून उभी.

मला पाटावर बसवलं. नाव विचारलं, सांगितलं. शिक्षण विचारलं, सांगितलं. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून उघडले. भिऊ नको, मी आहे, असं त्यात इतकं स्वच्छ होतं की मी निवांत उठून आत गेले.

आमच्या घरात सोयरीक ठरताना तबकातल्या सुपारीला आधी मुलीच्या बापानं हात लावायचा आणि मग घरातल्या थोरल्यानं ती फोडायची, असा रिवाज होता. तात्यांनी तबक पुढं केलं. "हैबती, फोडायची न्हवं?" आबांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तसेच बसून राहिले. मी दाराच्या फटीतून बघत होते. मला ते हात दिसले आणि हायसं वाटलं. झालं, आबा नाही म्हणाले!

तात्यांनी क्षणभर वाट बघितली. मग कौतुकानं भावाकडे पाहिलं. पाहुण्यांना म्हणाले, "बघा, भाऊ असावा तर असा. बापाचा मानबी थोरल्या भावाला देतोय." आणि अडकित्ता दाबला.

सुपारी फुटल्याचा आवाज असा काय मोठा असतो? पण मला तो मोठाच ऐकू आला.

पाहुणे गेल्यावर मी गोठ्यात गेले. आबा बैलाची पाठ घासत होते. मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा ओरडून बोलले. "आबा, तुमी बोलला का न्हाई?"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. "म्या हात लावला का सुपारीला?"

"न्हाई लावला."

"मग? आणिक काय बोलायचं ऱ्हातं?"

"आवो, पर त्यांना कुटं कळलं!"

"तुला कळलं की," आबा म्हणाले.

आता या माणसाला काय करावं? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुःखाचं कमी आणि संतापाचं जास्त. त्यांच्या मते मुलीला कळलं म्हणजे जगाला कळलं. गुरुजींनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला तेव्हा लख्ख आठवली. दोन अर्थ निघत असतील तिथं तोंड उघडायचं. आबा फायनल पास नव्हते, शाळेतच गेले नव्हते, पण हे कळायला शाळा कशाला लागते?

मी तशीच तात्यांकडे गेले. ते पान जमवत बसले होते. मी सगळं सांगितलं. ट्रंक कशाची होती ते सांगितलं, गुरुजी काय म्हणाले ते सांगितलं. तात्या रागावले नाहीत. तात्या वाईट नव्हते, हे तर आणखीच जिव्हारी लागतं. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं.

"तुजा बा असं बोलला?"

"बोलले न्हाईत. पर त्यांच्या मनात हाय."

"त्याच्या मनातलं तुला कळतं आन् मला न्हाई कळत? एका ताटात जेवून मोठं झालोय आमी." मग ते थोडे नरमले. "बरं, असं कर. त्याला बोलाव. त्यानं माज्यासमूर नुसतं म्हनू दे, पोरीला शिकवायची हाय. आज सांच्याला उरवड्याला जाऊन सोयरीक मोडून येतो. माजी नाचक्की झाली तरी चालंल."

एक वाक्य. माझ्या सगळ्या जन्माचा प्रश्न एका वाक्यावर येऊन थांबला होता, आणि ते वाक्य म्हणणारा माणूस गोठ्यात होता. मी पळत जाऊन त्यांना घेऊन आले. वाटेत चार वेळा पढवलं. आबांनी मान डोलावली. तात्यांपुढे येऊन उभे राहिले. मुंडासं सारखं केलं, घसा खाकरला.

"बोल हैबती, काय मनात हाय तुज्या?"

आबांनी थोरल्या भावाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "तुमी हाय की."

संपलं. त्यांना म्हणायचं होतं, तुम्ही थोरले, माझ्या मनातलं तुम्हाला कळत नाही का. तात्यांनी घेतलं, तुम्ही थोरले, तुम्ही कराल ते खरं. तात्यांनी भावाच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं, झालं ना समाधान, अशा नजरेनं. मी भिंतीवर डोकं आपटून घ्यायची तेवढी बाकी राहिले.

पण आबांना लागलं असावं. सकाळी बघते तो पायताणं उंबऱ्याबाहेर तोंड करून. आईनं भाकरी बांधली. ते उरवड्याला चालले होते, स्वतः, एकटे, सोयरीक मोडायला. मी त्यांच्या पाया पडले. वेशीपर्यंत बरोबर गेले आणि दर दहा पावलांवर विचारलं, "सांगाल न्हवं?" दर वेळी मान डोलली. दिवसभर मी चुलीपुढं बसून तेच एक मनात म्हणत होते, आज तरी बोला.

दिवस कलता आबा परत आले. ओसरीवर बसले आणि उपरण्याची गाठ सोडून त्यांनी एक नारळ बाहेर काढला.

"सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांनी नारळ जरा बाजूला सरकवला. मग हळूहळू, ओढून काढल्यासारखं, त्यांच्याकडून कळलं ते असं. ते गेले, गेणबांच्या ओट्यावर बसले. गेणबांनी चहा दिला. आबा बसून राहिले. जेवायला वाढलं, जेवले, पुन्हा बसून राहिले. मुलीचा बाप लांबून चालत येतो, अवघडून बसतो, बोलत नाही, हे बघून गेणबांनाच दया आली. "लग्नाची तीथ लवकर धरायची हाय, व्हय? वैशाख सरायच्या आत उरकू, काळजी नगा करू," म्हणाले आणि हातात नारळ दिला.

"आन् तुमी काय म्हणलासा?"

"नारळ दिल्यावर काय म्हनायचं? घरात बायामाणसं हुती. बरं दिसलं नसतं."

मी हसले. वेड्यासारखी हसत सुटले. आई घाबरून बाहेर आली. ट्रेनिंगला नावं द्यायची मुदत त्याच आठवड्यात संपली. गुरुजी एकदा आळीच्या तोंडाशी भेटले, दारातला मांडव बघून काही न विचारता पुढं गेले. त्यांचाही मला राग आला. निदान त्यांनी तरी विचारायचं होतं!

लग्न लागलं. ते वर्णन मी करत बसणार नाही, सगळ्यांची लागतात तसंच लागलं. वऱ्हाड निघालं. बैलगाडीत पुढं गेणबा कासरा धरून, मागं मी, शेजारी माझी सासू सगुणाबाई. नवरा मुलगा गाडीबरोबर चालत होता. आबा गाडीच्या साटीला धरून वेशीपर्यंत आले, पलीकडून तात्या. वेशीवर नारळ फोडायला गाडी थांबली. तात्यांनी नारळ फोडला, पाणी शिंपडलं. आणि गाडी हलणार तेवढ्यात आबा बोलले. चांगले मोठ्यानं, औतामागं बोलत तसे.

"पाव्हणं, पोरीला ट्रेनिंगला धाडायचं हुतं मला. मास्तरीन व्हायची हुती माजी जया."

ते वाक्य होतं तसं सबंध बाहेर आलं होतं, एकही शब्द न गाळता.

गेणबांनी कासरा खाली ठेवला. "आवं, मग बोलायचं न्हाई व्हय? दोन सालं थांबलो असतो की आमी. आमच्या जयसिंगाची तरी कुटं घाई हाय? तुमचीच गडबड दिसली म्हनून आमी उरकलं."

"माजी कसली गडबड?" तात्या कळवळून म्हणाले. "हैबतीची हाय असं वाटलं मला."

तिघंही एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे घाई कुणालाच नव्हती. माझं लग्न त्यातल्या एकाही माणसाला त्या साली करायचं नव्हतं, आणि ते झालं होतं!

मी पदराखालून मान वर केली. आता तरी कुणी म्हणेल, मग काय झालं, आता धाडू. पुढच्या साली धाडू. एवढंच तर म्हणायचं होतं. मुद्दा सगळ्यांना कळला होता, सगळ्यांना पटलाही होता. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गेणबा बैलांच्या शिंगांकडे बघत होते. तात्या करवंटीतलं खोबरं नखानं उकरत होते. जयसिंग गाडीच्या चाकाला टेकून उभा होता. आबांनी मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसलं. त्यांचं बोलून झालं होतं.

"ऊन उतराय लागलं," गेणबा म्हणाले आणि त्यांनी कासरा ओढला.

शब्द माझ्या ओठांवर होते. मामंजी, मग आता धाडा की. पण डोक्यावर मुंडावळ्या, कपाळाला मळवट, मांडीवर ओटीचा भार. मला वाटलं, एवढं बोलणं झालंय, माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळेल.

उरवड्यापर्यंत मी बोलले नाही. घरी माप ओलांडून आत गेले तेव्हा आळीतल्या बायका नवी नवरी बघायला जमल्या होत्या. सासूबाईंनी माझी हनुवटी वर करून सगळ्यांना दाखवली आणि अभिमानानं म्हणाल्या, "वाटंनं एक सबूद काढला न्हाई पोरीनं. बापाच्या वळनावर गेलीया अगदी."